जुना हात, नवा खेळ : फुटबॉलचा व्हिडिओ गेम शिकणारा प्रौढ खेळाडू आणि ऋण संक्रमण

प्रस्तावना :

शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात 'अध्ययन संक्रमण' हा घटक अनेक वर्षांपासून शिकविला जातो. धन संक्रमण, ऋण संक्रमण आणि शून्य संक्रमण असे त्याचे तीन प्रकार फळ्यावर लिहिले जातात, सायकल येणाऱ्यास स्कूटर लवकर येते हे उदाहरण दिले जाते आणि पुढील घटकाकडे वळले जाते. धन संक्रमणाची उदाहरणे विपुल आहेत. ऋण संक्रमणाचे चांगले उदाहरण मात्र सहसा हाती लागत नाही. प्रस्तुत लेखकासही अध्यापनाच्या जवळजवळ तीस वर्षांत ते सापडले नव्हते. ते सापडले वयाच्या ५७ व्या वर्षी, घरातील दूरचित्रवाणी संचासमोर, हातात व्हिडिओ गेमचा कंट्रोलर धरून बसले असता.

प्रस्तुत लेखात एका विशिष्ट शिकाऱ्याचा विचार केला आहे. हा शिकारी तरुण नाही, स्पर्धेत उतरणारा नाही आणि अगदी नवशिकाही नाही. रविवारी दुपारी तासभर फुटबॉलचा व्हिडिओ गेम खेळणे एवढीच त्याची हौस आहे. एका खेळाची त्याला अनेक वर्षांची सवय आहे आणि आता त्याच जातीचा दुसरा खेळ त्याला शिकावयाचा आहे. अशा व्यक्तीस होणारा त्रास सर्वसाधारणपणे वयाच्या खात्यावर मांडला जातो. ही मांडणी कितपत योग्य आहे, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

दोन मालिका आणि त्यांची बटणे :

संगणकीय फुटबॉलच्या क्षेत्रात दीर्घकाळ दोन मालिकांचे वर्चस्व होते. 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स' या अमेरिकन कंपनीने १९९३ मध्ये 'फिफा इंटरनॅशनल सॉकर' हा खेळ बाजारात आणला. जपानच्या 'कोनामी' कंपनीची 'विनिंग इलेव्हन' ही मालिका १९९५ मध्ये सुरू झाली आणि २००१ पासून युरोपात ती 'प्रो इव्होल्युशन सॉकर' या नावाने ओळखली जाऊ लागली. २०२१ मध्ये कोनामीने हे नाव सोडले आणि 'ईफुटबॉल' या नावाने विनामूल्य, मुख्यतः ऑनलाइन स्वरूपाचा खेळ सुरू केला. दुसऱ्या बाजूस, जागतिक फुटबॉल महासंघाशी असलेला नावाचा करार संपल्यामुळे २०२२ मधील 'फिफा २३' हा त्या नावाचा इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा शेवटचा खेळ ठरला आणि २०२३ पासून ती मालिका 'ईए स्पोर्ट्स एफसी' या नावाने पुढे चालू राहिली. परिणामी ज्यांचा हात कोनामीच्या खेळावर बसला होता, अशा अनेक जुन्या खेळाडूंना घर बदलावे लागले. प्रस्तुत लेखक त्यांपैकी एक होय.

येथे थोडा तांत्रिक तपशील आवश्यक आहे. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर उजव्या अंगठ्याखाली चार बटणे असतात : फुली, वर्तुळ, चौकोन आणि त्रिकोण. जुन्या कोनामी मालिकेत फुलीने जवळचा पास दिला जाई, त्रिकोणाने बचावफळीच्या मागे चेंडू सोडला जाई, चौकोनाने गोलवर फटका मारला जाई आणि वर्तुळाने चेंडू उंच उचलून दिला जाई. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या खेळात फुली आणि त्रिकोण यांची कामे तीच आहेत. चौकोन आणि वर्तुळ यांची मात्र अदलाबदल झालेली आहे. फटका वर्तुळाने मारावयाचा आणि उंच चेंडू चौकोनाने द्यावयाचा. वेगाने धावण्याचे बटणही निराळे आहे. ते एका बोटाच्या अंतराने खाली सरकले आहे.

बचाव करताना गुंतागुंत अधिक वाढते. जुन्या खेळात चौकोन दाबला असता आपला एखादा सहकारी प्रतिस्पर्ध्याकडे धावून जात असे. नव्या खेळात तेच बटण दाबले की आपला खेळाडू जमिनीवर घसरत जाऊन पाय घालतो. म्हणजे मदतीसाठी हाक मारावयास जावे आणि पंचाने खिशातून लाल कार्ड काढावे, असा प्रकार घडतो. पहिल्या आठवड्यात प्रस्तुत लेखकाच्या संघाने फारच थोडे सामने अकरा खेळाडूंनिशी संपविले.

ऋण संक्रमणाचे स्वरूप :

थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी १९०१ मध्ये असे प्रतिपादन केले की, दोन कृतींत समान घटक जितके अधिक, तितके एकीचे अध्ययन दुसरीस उपयोगी पडते. या न्यायाने दोन्ही फुटबॉल खेळांतील साम्य पाहता जुन्या खेळाडूस नवा खेळ झटपट यावयास हवा. फुली आणि त्रिकोण यांच्या बाबतीत तसे घडतेही. परंतु १९४९ मध्ये ऑसगूड यांनी या सिद्धान्तास एक महत्त्वाची पुरवणी जोडली. उद्दीपक तोच राहिला आणि अपेक्षित प्रतिसाद मात्र बदलला, तर जुने अध्ययन नव्यास साहाय्य करीत नाही, उलट आडवे येते. गोलरक्षक समोर, चेंडू पायाशी, मोकळी जागा : हा उद्दीपक दोन्ही खेळांत हुबेहूब सारखा आहे. प्रतिसाद मात्र दुसऱ्या बटणावर गेला आहे.

यामुळे घडणाऱ्या चुकांचे स्वरूप लक्षणीय असते. गोलपासून दहा पावलांवर उभा असलेला खेळाडू फटका मारण्याऐवजी चेंडू हलकेच उचलून गोलरक्षकाच्या हाती देतो. याउलट, कडेने धावत जाऊन मध्यभागी चेंडू देण्याच्या क्षणी तो तेथूनच गोलवर फटका मारतो आणि चेंडू प्रेक्षकांत जातो. "काका, गोल करायचा सोडून तुम्ही चेंडू उचलून का देता?" असा प्रश्न लेखकाच्या पुतण्याने अत्यंत आदराने विचारला होता. पाठोपाठ त्याने स्वतःच उत्तरही दिले : "या वयात रिफ्लेक्स जरा कमी होतात."

हे निदान लेखकासही आरंभी पटले आणि कंट्रोलर खाली ठेवून खेळाचा नाद सोडून द्यावा, असा विचार बळावला. तथापि, चुकांची वहीत नोंद ठेवण्यास प्रारंभ केल्यावर वेगळेच चित्र दिसू लागले. जवळजवळ सर्व चुका अदलाबदल झालेल्या बटणांच्याच होत्या. फुली आणि त्रिकोण यांच्या चुका क्वचित आढळल्या. हात मंदावला असता, तर चारही बटणांवर सारखाच उशीर दिसावयास हवा होता. शिवाय चुकीचे बटण उशिरा दाबले जात नव्हते. ते अगदी वेळेवर, पूर्ण आत्मविश्वासाने दाबले जात होते. हात मंद नव्हता. तो तत्पर होता, परंतु जुन्या धन्याच्या आज्ञेत होता.

महाविद्यालयीन कार्यालयांत याचा अनुभव आपण सर्वांनी घेतला आहे. टंकलेखन यंत्राच्या रेमिंग्टन मांडणीवर ज्यांची बोटे वीस-पंचवीस वर्षे चालली, त्यांना युनिकोडच्या काळात इनस्क्रिप्ट मांडणी स्वीकारावी लागली, तेव्हा कालपरवा आलेली मुले सहज टंकलेखन करू लागली आणि अनुभवी लेखनिक अडखळू लागले. अशा लेखनिकांविषयी 'आता वय झाले' असा शेरा मारणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता, हे येथे नमूद केले पाहिजे. त्यांच्यापाशी कौशल्य कमी नव्हते. पहिल्याच कौशल्याची मुळे खोलवर गेली होती.

वय आणि गती :

याचा अर्थ वयाचा काहीच परिणाम होत नाही, असा नव्हे. प्रतिक्रियाकाल वयानुसार वाढतो, हे मानसशास्त्रात सुस्थापित आहे. कॅनडातील संशोधकांनी २०१४ मध्ये 'स्टारक्राफ्ट २' या डावपेचांच्या खेळातील १६ ते ४४ वयोगटातील ३,३०५ खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. खेळातील प्रतिसादाची गती वयाच्या सुमारे २४ व्या वर्षापासूनच घटू लागते, असे त्यांना आढळले. ज्या वयात आपला विद्यार्थी पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडतो, त्याच वयात ही उतरण सुरू होते, ही बाब ५७ वर्षांच्या मनुष्यास काहीशी दिलासा देणारी आहे. त्याच अभ्यासात वयाने मोठे खेळाडू खेळातील सोयींचा चतुर वापर करून ही उणीव काही अंशी भरून काढतात, असेही सूचित झाले.

ही भरपाई कशी होते, याचे उत्तम स्पष्टीकरण सॉल्टहाउस यांच्या १९८४ मधील अभ्यासात मिळते. त्यांनी १९ ते ७२ वर्षे वयाच्या टंकलेखकांची चाचणी घेतली. साध्या प्रतिक्रियाकालाच्या चाचणीत वयस्कर टंकलेखक मागे पडले. प्रत्यक्ष टंकलेखनात मात्र मागे पडले नाहीत. याचे कारण त्यांची नजर बोटांच्या पुढे अधिक अक्षरे धावत होती. येणारे अक्षर आधीच दिसल्याने बोटास तयारीला अवधी मिळत होता.

फुटबॉलमध्ये ही 'पुढची अक्षरे' म्हणजे चेंडूविना धावणारे खेळाडू होत. तरुण खेळाडू बहुधा चेंडूकडे पाहतो. ज्याने अनेक विश्वचषक रात्री जागून पाहिले आहेत, त्यास कडेचा बचावपटू पुढे गेला की त्याच्या मागे मोकळी जागा पडणार, हे आधीच कळते. नव्या खेळांत हे ज्ञान अधिक उपयोगी ठरते. २०११ मधील 'फिफा १२' पासून बचावाची पद्धत बदलली. बटण दाबून धरले की आपला खेळाडू आपोआप चेंडू हिसकावून घेई, ही सोय मागे पडली. प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत योग्य अंतर राखून उभे राहणे आणि नेमक्या क्षणी पाय घालणे आवश्यक झाले. धावून जाणाऱ्यापेक्षा थांबणाऱ्याचा यात लाभ होतो. पुतण्याचे बहुतेक गोल लेखकाने घाईने पुढे आणलेल्या बचावपटूमुळे झाले होते. त्यास जागेवर ठेवण्यास शिकल्यानंतर त्यांची संख्या निम्म्यावर आली.

काही दोष तर शिकाऱ्याच्या शरीरातही नसतो. आधुनिक दूरचित्रवाणी संच चित्र सुधारण्याच्या प्रक्रियेत काही मिलिसेकंद खर्च करतो आणि बटण दाबणे व पडद्यावर परिणाम दिसणे यांत विलंब होतो. संचातील 'गेम मोड' सुरू केल्यास तो कमी होतो. चाळिशीनंतरच्या दृष्टीसाठी कॅमेऱ्याची उंची व अंतरही बदलता येते. या दोन साध्या गोष्टी शिकाऱ्यास कोणी आपणहून सांगत नाही.

सरावाची रीत :

नव्या खेळात फटके, पास इत्यादींचे स्वतंत्र सराव-खेळ असतात. लेखकाने आरंभी केवळ फटक्याचा सराव केला. वर्तुळ, वर्तुळ, पुन्हा वर्तुळ. सरावात गुण उत्तम मिळाले आणि सामन्यात पुन्हा चौकोनच दाबला गेला. शे आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्येच दाखविले होते की, एकच कृती सलग घोटल्यास सरावाच्या वेळी प्रगती छान दिसते. परंतु कृती मिसळून केल्यास शिकणे अधिक टिकते. हे वर्गात शिकवूनही स्वतःच्या बाबतीत आठवले नाही. पुढे एक फटका आणि एक उंच चेंडू असा आलटूनपालटून सराव सुरू केला. सरावातील गुण घसरले. सामन्यातील चुका मात्र हळूहळू कमी झाल्या.

याच सुमारास एक शोध लागला. खेळाच्या सेटिंग्जमध्ये बटणांची पर्यायी मांडणी उपलब्ध आहे. ती निवडल्यास फटका पुन्हा चौकोनावर येतो. केवळ विरंगुळा हवा असलेल्या प्रौढ खेळाडूने ती पहिल्याच दिवशी, कोणताही संकोच न बाळगता निवडावी, असे लेखकाचे मत आहे. काठिण्यपातळीविषयीही तेच म्हणता येईल. 'नवशिका' या पातळीवर महिनाभर खेळल्याने कोणाची प्रतिष्ठा कमी होत नाही. लेखकाने स्वतः मात्र मांडणी बदलली नाही. तोपर्यंत जुनी सवय अर्धी मोडली होती आणि नवी अर्धीच जडली होती. अशा अवस्थेत परतल्यास दोन्ही हातच्या जाण्याची भीती होती.

ब्रायन आणि हार्टर यांनी तारायंत्र शिकणाऱ्यांच्या अभ्यासातून १८९७ मध्ये अध्ययनातील पठारावस्थेकडे लक्ष वेधले. सराव चालू असतो, प्रगती थांबलेली दिसते. लेखकाच्या बाबतीत दुसऱ्या महिन्यापासून असे पठार आले आणि सुमारे पाच आठवडे टिकले. ते संपले तो दिवस नेमका सांगता येणार नाही. एका सामन्यात कोणते बटण दाबले हे वहीत लिहावयास गेलो असता ते आठवेना, इतकेच लक्षात आले. फिट्स आणि पोस्नर यांनी १९६७ मध्ये कौशल्याच्या ज्या तीन अवस्था मांडल्या, त्यांतील अखेरच्या स्वयंचलित अवस्थेचे हे लक्षण मानता येईल.

तथापि जुनी सवय पुसली गेली आहे असे दिसत नाही; ती केवळ मागे सरली आहे. बरोबरीत असलेल्या सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत, गोलरक्षक एकटा समोर असताना, अंगठा आजही कधीकधी चौकोनाकडे जातो. चेंडू अलगद उचलला जातो, गोलरक्षक तो झेलतो आणि शेजारी बसलेला पुतण्या आता काही विचारत नाही.