जुन्या पोकलेनची चेन मोजताना माझं काय चुकलं

आमच्या खोपटमधल्या एका ओळखीच्या काकांना मार्चमध्ये जुनं पोकलेन घ्यायचं होतं. नालेसफाईची कामं सुरू व्हायच्या आत मशीन हातात हवं, असा हिशेब. मी झिजेवर पीएच.डी. करतोय हे त्यांना माहीत होतं. "तू यातलाच आहेस ना, जरा बघून सांग," एवढंच म्हणाले आणि मी टेप घेऊन गेलो. मी दिलेला आकडा धरून त्यांनी पैसे भरले असते, तर वर्षभरात नव्या चेनचा काही लाखांचा खर्च अंगावर आला असता. तसं झालं नाही, पण त्याचं श्रेय माझं नाही.

संशोधनात उतरू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय, कारण माझी चूक मशीनमधली नव्हती, मोजमापातली होती.

आधी मशीनबद्दल. पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या चेनवाल्या खोदयंत्राला पोकलेनच म्हणतात. त्याच्या खालच्या भागात चेन, तिच्यावर बोल्टने बसवलेले ट्रॅक शू, चेन ओढणारं स्प्रॉकेट, समोरचा आयडलर आणि वरचे-खालचे रोलर येतात. देखभालीचा मोठा वाटा हाच भाग खातो, आणि जुनं मशीन विकताना सगळ्यात कमी बोललं जातं ते याच भागाबद्दल. रंग नवा असतो, केबिनमध्ये सीट कव्हर नवं असतं. खाली वाकून कोण बघणार?

चेन "लांब होते" असं फिटर म्हणतात. लोखंड ताणलं जात नाही. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन आणि तिच्याभोवती बुश असतो. दोन्ही आतून झिजतात, मधली फट वाढते आणि एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंतचं अंतर, म्हणजे पिच, वाढतं. वीस टनी मशीनमध्ये हे अंतर बहुधा १९० मिमी असतं. मोजायची पद्धत अशी की एका पिनच्या कडेपासून पाचव्या पिनच्या त्याच कडेपर्यंत टेप लावायची, म्हणजे चार कड्यांची लांबी मिळते. मास्टर पिन मध्ये येऊ द्यायची नाही.

चारच का, एक का नाही? समजा नव्या चेनची लांबी ७६० मिमी आणि बदलायची मर्यादा ७७५ मिमी. (हे आकडे उदाहरणापुरते आहेत, खरे आकडे त्या मॉडेलच्या पुस्तकात बघा.) म्हणजे चेनचं सगळं आयुष्य १५ मिलिमीटरमध्ये मावतं. टेप वाचताना १ मिमी चुकलं तर झिजेत साधारण ७ टक्क्यांची चूक. एकच कडी मोजली असती तर आयुष्य पावणेचार मिलिमीटरचं, आणि तोच १ मिमी २७ टक्क्यांची चूक करतो. तुमच्या प्रयोगातही हाच प्रश्न आधी विचारा: उपकरणाची चूक कशाच्या तुलनेत? ७६० च्या तुलनेत १ मिमी काहीच नाही. १५ च्या तुलनेत तो बराच आहे.

एका मित्राने विचारलं, मार्चच्या उन्हात पोलाद प्रसरण नाही का पावणार? चांगला प्रश्न, आणि तो कागदावरच सुटतो. वीस अंशांच्या फरकाने ७६० मिमी लांबी फार तर ०.२ मिमी वाढते. सोडून द्या. कशाची काळजी करायची नाही हे गणिताने ठरवता येणं हीसुद्धा निम्मी तयारी झाली.

मी काळजी करायला हवी होती ती दुसऱ्याच गोष्टीची. मी मोजलं तेव्हा टेपवर ७६४ आलं. चार भागिले पंधरा, म्हणजे २७ टक्के झीज. मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, "काका, पाऊण आयुष्य शिल्लक आहे." तिथे एक वयस्कर फिटर बिडी विझवत उभे होते. म्हणाले, "टेप बरोबर आहे हो, पण चेन सैल आहे."

सैल चेनमध्ये पिन बुशच्या एका बाजूला टेकलेली नसते. झिजलेली फट आतल्या आत लपते आणि लांबी कमी दिसते. त्यांनी स्प्रॉकेटच्या दातात एक जुनी पिन अडकवली, सगळ्यांना लांब उभं केलं आणि ऑपरेटरला मशीन हळूच रिव्हर्स घ्यायला सांगितलं. वरची चेन ताठ झाली. इंजिन बंद करून मी पुन्हा मोजलं. ७६९. साठ टक्के! तीच टेप, तीच चेन, तोच माणूस. मी पहिल्यांदा तीनदा मोजलं होतं आणि तिन्ही वेळा ७६४ च आलं होतं, म्हणून मला खात्री वाटत होती. तिन्ही वेळा चेन सैल होती.

साठनंतर चाळीस उरतात, असंही समजू नका. बुशचा बाहेरचा थर कडक केलेला असतो. तो संपला की आतलं मऊ पोलाद भराभर जातं. सरळ रेषा पुढे ओढणारे इथे फसतात.

मग अवर मीटर कशाला असतो? १९५३ साली आर्चर्ड यांनी झिजेचं जे समीकरण मांडलं त्यात झीज ही भार आणि घासलेल्या अंतराच्या प्रमाणात, कठीणपणाच्या व्यस्त प्रमाणात आहे. त्यात तास नाहीत, अंतर आहे. नाल्याच्या काठावर एका जागी उभं राहून दिवसभर गाळ काढणारं मशीन आणि दगडखाणीत दिवसभर पुढेमागे करणारं मशीन, दोघांचे तास सारखे, चेन वेगळी. समीकरणातला स्थिरांकही नावापुरताच स्थिर. माती, पाणी, खडीची धार सगळं त्यात कोंबलेलं असतं. माझा अर्धा प्रबंध त्या एका अक्षरावर आहे, असो.

समीकरणातला भार म्हणजे फक्त मशीनचं वजन नव्हे. चेन जास्त ताठ ठेवली की प्रत्येक सांध्यावरचा दाब वाढतो. नाल्यातला गाळ स्प्रॉकेटमध्ये बसून सुकला की चेन आपोआप ताठ होते, म्हणून संध्याकाळी फावड्याने तो काढायचा. पुस्तकात दिलेला झोल ठेवायचा, कामाच्या मातीत चालवून मग तपासायचा. सैल करताना ग्रीसचा व्हॉल्व्ह एका फेऱ्यापेक्षा जास्त उघडायचा नाही आणि तोंड समोर धरायचं नाही. आतल्या ग्रीसचा दाब माणसाला जखमी करण्याइतका असतो.

लांबचं चालवताना स्प्रॉकेट मागे हवं. उलटं चालवलं की वरची सगळी चेन ताणाखाली येते, जास्त सांधे भाराखाली फिरतात. ऑपरेटर नेहमी एकाच बाजूला वळत असेल तर डावी-उजवी चेन वेगळी झिजते, म्हणून दोन्ही मोजा. स्प्रॉकेटचे दात टोकदार झाले असतील तर नवी चेन त्यावर टाकू नका, ती लवकर खराब होते. रोलरखाली तेलाचा ओघळ दिसला तर सील गेलंय. दहा रोलरपैकी एकच चकचकीत नवा दिसला, तर बाकीच्यांची चौकशी करा.

रबर ट्रॅकच्या छोट्या लोडरला पिनच नसतात. तिथे चिरा आणि बाहेर आलेल्या पोलादी तारा बघायच्या.

काकांनी ते मशीन घेतलंच, पण चेनचा खर्च किमतीतून वजा करून. आता दर २५० तासांनी मी जातो. वहीत तारीख, बाजू, कुठल्या पिनपासून मोजलं आणि "चेन ताठ केली" असा एक रकाना आहे. तो रकाना फिटरकाका स्वतः बघून भरतात, मला भरू देत नाहीत.