दप्तरावरचे चित्र आणि दप्तराचे आयुष्य

जून जवळ आला की पुण्यात अप्पा बळवंत चौकात, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत आणि गावोगावच्या स्टेशनरीच्या दुकानांत एकच हट्ट ऐकू येतो. छोटा भीमचे दप्तर, एल्साची बाटली, स्पायडरमॅनची कंपासपेटी. घरात दोन मते असतात. वर्षातून एकदाच मागतोय, घेऊन टाकू, असे एकाचे; नुसत्या चित्राचे पैसे कशाला मोजायचे, असे दुसऱ्याचे. मला वाटते, सगळ्या खरेदीला मिळून एकच उत्तर देता येत नाही. प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारावे: ही किती वर्षे वापरायची आहे, आणि पोराचे हे वेड किती महिने टिकेल?

चित्राचे पैसे कोणाला जातात

छोटा भीम हा हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनचा, २००८ पासून टीव्हीवर असलेला. एल्सा डिस्नेच्या २०१३ सालच्या ‘फ्रोजन’मधली. पण दप्तरे या कंपन्या शिवत नाहीत. शिवणारा कारखानदार त्यांच्याकडून चित्राचा परवाना घेतो आणि विक्रीतला ठरलेला हिस्सा रॉयल्टी म्हणून देतो. बहुतेक करारांत किमान रकमेची हमीही असते, माल खपो वा न खपो. हा खर्च किमतीतूनच वसूल होतो. म्हणून एकाच किमतीची दोन दप्तरे समोर असतील, तर साध्या दप्तराचे कापड, चेन आणि शिलाई अधिक चांगली असण्याची शक्यता असते. स्वस्तात मिळणारी चित्रांची दप्तरे पुष्कळदा बिनपरवान्याची नक्कल असतात. त्यात रॉयल्टी वाचते, पण मालाची जबाबदारी घेणारे कोणी राहत नाही.

टिकाऊ डबा पुन्हा विकायचा कसा

या धंद्याचे मूळ अमेरिकेतल्या शाळकरी डब्यात सापडते. मिकी माउसचे चित्र असलेला पत्र्याचा डबा १९३५ मध्येच निघाला होता. खरी लाट आली १९५० मध्ये. नॅशव्हिलच्या अलादीन इंडस्ट्रीज या कंपनीपुढे अडचण अशी होती की तिचे पत्र्याचे डबे फार टिकत. एकदा घेतला की वर्षानुवर्षे दुसरा घ्यावा लागत नसे. कंपनीने डब्यावर हॉपालाँग कॅसिडी या टीव्हीवरच्या काउबॉयचे चित्र लावले आणि पहिल्याच वर्षी सुमारे सहा लाख डबे खपले. डबा शाबूत असला तरी त्यावरचा नायक जुना झाला की मूल नवा डबा मागणार, हे त्या चित्रामागचे गणित होते. आजही ते बदललेले नाही, आणि पालकांनी आधी हेच लक्षात घ्यावे.

लहान मुलाला चित्र काय सांगते

येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये चार ते सहा वर्षांच्या ४० मुलांना एकच खाऊ दोन पाकिटांतून दिला. एका पाकिटावर श्रेक, डोरा किंवा स्कूबी-डू यांपैकी कोणी होते, दुसरे साधे होते. चित्राच्या पाकिटातला खाऊ मुलांना अधिक चविष्ट लागला. गाजराच्या बाबतीत मात्र हा परिणाम कमी दिसला. तेव्हा भीमच्या डब्यातून मेथीची भाजी संपेल, या आशेवर डबा घेऊ नये. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २००४ च्या अहवालानुसार साधारण आठ वर्षांखालच्या मुलांना जाहिरातीमागचा विकण्याचा हेतू ओळखता येत नाही. म्हणून हट्ट करणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला हावरे म्हणणे अन्यायाचे आहे. त्याला ते चित्र म्हणजे ओळखीचा मित्र वाटतो. बालवाडीच्या पहिल्या आठवड्यात, अनोळखी वर्गात, त्या ओळखीचा आधारही होतो. शिवाय ज्याला अजून नाव वाचता येत नाही, त्याला स्वतःची बाटली चित्रावरूनच सापडते.

दप्तर, बाटली, डबा

दप्तराचा भार पाठीवर येतो, त्यामुळे तिथे चित्राचे ऐकू नये. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार भरलेल्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. पहिली-दुसरीसाठी ही मर्यादा १.६ ते २.२ किलो आहे. यात रिकाम्या दप्तराचे वजनही आले. पुढे कडक प्लास्टिकचा उठावदार मुखवटा किंवा खाली चाके असलेली दप्तरे रिकामीच जड असतात. दुकानात वजनकाटा असेल तर रिकामे दप्तर त्यावर ठेवून पाहावे. पट्टे रुंद आणि गादीचे हवेत, पट्ट्यांच्या मुळाशी दुहेरी शिलाई हवी, आणि दप्तर कमरेच्या खाली लोंबता कामा नये. आपल्याकडे शाळा पावसातच सुरू होते, त्यामुळे चेनवर कापडाची झडप आहे का हेही पाहावे.

बाटली आणि डब्याला रोज घासणी लागते. बाहेरचे चित्र काही महिन्यांत खरवडले जाते, आणि पोपडे सुटू लागले की ते नखाने उचकटण्याचा खेळ सुरू होतो. स्टीलची साधी बाटली, तळापर्यंत हात किंवा ब्रश पोहोचेल अशा तोंडाची, सर्वांत बरी. झाकणाचे वॉशर सुटे मिळते का, हे विचारून घ्यावे. उग्र वास येणारे मऊ प्लास्टिक, मग त्यावर कोणीही असो, घेऊ नये.

चित्र कुठे खुशाल घ्यावे

खोडरबर, शार्पनर, पट्टी, वह्यांची लेबले. या वस्तू हरवतात, झिजतात, वर्गात अदलाबदल होतात. तिथे मुलाची आवड पूर्ण करायला हरकत कसली? खाकी कव्हरवर स्पायडरमॅनचे लेबल लावले की वही त्याची झाली. साध्या दप्तराला भीमची किल्लीसाखळी अडकवली तरी पुष्कळांचे समाधान होते, आणि वेड ओसरल्यावर ती काढता येते. निवड मुलाला करू द्यावी, पण मोठ्या वस्तूंबाबत आईबाबांनी आधी पारखून ठेवलेल्या दोन-तीनांतून.

धाकट्याला चालेल का

चित्रांच्या बाजारात मुलींसाठी गुलाबी एल्सा आणि मुलांसाठी निळा स्पायडरमॅन अशी वाटणी झालेली आहे. त्यामुळे ताईचे धडधाकट दप्तर धाकट्या भावाला चिडवणुकीच्या भीतीने नको असते आणि घरात दुसरी खरेदी होते. गडद निळे किंवा करडे दप्तर दोघांनाही चालते. असे चित्राचे दप्तर घरात आधीच असेल, तर टाकू नये. बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून चेनचा रनर बदलून घ्यावा आणि त्याच खेपेला चित्रावर जाड कापडाचा खिसा शिवून घ्यावा. चित्रही झाकले जाते आणि छत्री ठेवायला जागा होते.