पायांची निगा : हात कुठे थांबवावा?

अल्फारेटात आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील चार-सहा महिने राहून जातात. सामानात मधुमेहाच्या गोळ्या असतात, साखर मोजायचे यंत्र असते. पावलांकडे मात्र सहसा कुणी पाहत नाही.

जुन्या मधुमेहात पायांच्या नसा हळूहळू बधिर होतात. बूट चावला, खडा रुतला, तरी कळत नाही. न दुखणारी जखमच जास्त घातक! हा धडा वैद्यकाला कुष्ठरोग्यांकडून मिळाला. १९४६ पासून वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की कुष्ठरोग्यांची बोटे आपोआप झडत नाहीत. वेदना न कळल्याने होणाऱ्या इजांमुळे ती जातात. १९६६ मध्ये ते लुइझियानातील कारव्हिलच्या रुग्णालयात आले आणि तेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठीही वापरले गेले. आपल्याकडे नागपूरच्या डॉ. शरद पेंडसे यांनी 'स्टेप बाय स्टेप' या उपक्रमात डॉक्टर आणि नर्स यांना जोडीने पायांच्या निगेचे शिक्षण दिले.

अमेरिकेत पावलांचा डॉक्टर म्हणजे पोडियाट्रिस्ट. पदवीनंतर चार वर्षे कॉलेज, मग साधारण तीन वर्षे रेसिडेन्सी. नर्सलाही पायांच्या निगेचे वेगळे प्रमाणपत्र घेता येते. नखे सरळ कापणे, घट्टे घासणे, पावलावरची नाडी चाचपणे, दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू टेकवून स्पर्श कळतो का ते पाहणे, हे सारे ती शिकते.

पण शिक्षणाचा खरा कस लागतो तो 'हे माझे काम नव्हे' हे ओळखण्यात. उघडी जखम, घट्ट्याखाली साकळलेले रक्त किंवा न लागणारी नाडी दिसली, की हत्यार खाली ठेवून रुग्णाला लगेच डॉक्टरकडे पाठवायचे. एकच पाऊल गरम, लाल, सुजलेले असेल, तर दुखत नसले तरी आतली हाडे ढासळत असू शकतात; याला 'शार्को' म्हणतात. अशा पायावर भार टाकू न देता त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे. बोट काळे पडले, लाली वर चढू लागली, जखमेसोबत ताप आला, तर थेट इमर्जन्सीत!

घरी आपण एवढे तरी करावे : रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात, घरातही चप्पल घालायला सांगावे, कुरूप ब्लेडने कापू नये. आणि विम्याच्या धास्तीने 'भारतात गेल्यावर दाखवू' असे म्हणू नये. जखम परतीच्या तिकिटाची वाट पाहत नाही.