एपी कॅल्क्युलस परीक्षा

एपी कॅल्क्युलस ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॉलेज बोर्ड ही संस्था दरवर्षी मे महिन्यात घेत असलेली परीक्षा आहे. 'एपी' हे 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' या नावाचे संक्षिप्त रूप होय. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी शिकविले जाणारे कलनशास्त्र शाळेतच शिकलेल्या विद्यार्थ्यांची पारख करणे, हा तिचा हेतू आहे. परीक्षा शाळेत होत असली तरी तिचा अभ्यासक्रम आणि गुणदानाची पद्धत महाविद्यालयीन आहे. पहिल्या एपी परीक्षा १९५६ साली झाल्या. १९६९ पासून कलनाच्या 'एबी' व 'बीसी' अशा दोन परीक्षा झाल्या. एबीमध्ये सीमा, सातत्य, विकलन, संकलन व त्यांचे उपयोग येतात; बीसीमध्ये याशिवाय अनंत श्रेणी, प्राचल समीकरणे, ध्रुवीय सहनिर्देशक इत्यादी भाग असतो.

== परीक्षेचे स्वरूप ==
परीक्षा एकूण ३ तास १५ मिनिटांची असते. पहिल्या विभागात ४५ बहुपर्यायी प्रश्न असतात. त्यांपैकी ३० प्रश्न गणनयंत्राविना ६० मिनिटांत आणि उरलेले १५ प्रश्न गणनयंत्रासह ४५ मिनिटांत सोडवायचे असतात. दुसऱ्या विभागात सविस्तर उत्तरांचे ६ प्रश्न असून पहिले दोन गणनयंत्रासह ३० मिनिटांत, तर पुढील चार त्याविना ६० मिनिटांत सोडवावे लागतात. या शेवटच्या तासात पहिल्या दोन प्रश्नांकडे परत वळण्याची मुभा असते; मात्र यंत्र तोवर बाजूला ठेवलेले असते. दोन्ही विभागांना समान भार आहे.

बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास पूर्वी पाव गुण वजा होत असे. २०११ पासून ही कपात बंद झाली. त्यामुळे आता प्रश्न कोरा सोडण्यात काहीच लाभ नाही. २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे परीक्षा घरून, पुस्तके उघडी ठेवून, केवळ ४५ मिनिटांची घेण्यात आली. २०२५ पासून बहुपर्यायी प्रश्न संगणकावर सोडविले जातात. सविस्तर उत्तरे मात्र अजूनही कागदी उत्तरपत्रिकेत हातानेच लिहावी लागतात. गणिताची मांडणी कळफलकावर करणे किती कष्टाचे असते हे ज्याने अनुभवले आहे, त्याला या अपवादाचे कारण सांगावे लागणार नाही.

== गणनयंत्राचे नियम ==
गणनयंत्राबाबत या परीक्षेचे धोरण अनेकदा बदलले. १९८३ साली ते वापरण्याची मुभा मिळाली, ती दोन वर्षांतच मागे घेण्यात आली. १९९३ मध्ये वैज्ञानिक गणनयंत्र व १९९५ मध्ये आलेख काढणारे गणनयंत्र आवश्यक ठरले. यंत्राकडून चार कामांची अपेक्षा असते: फलाचा आलेख काढणे, समीकरणाची उकल शोधणे, दिलेल्या बिंदूशी विकलजाची किंमत काढणे आणि निश्चित संकलनाची किंमत काढणे. एवढ्या चार गोष्टी विद्यार्थ्याने यंत्राचे उत्तर म्हणून थेट लिहिल्या तरी चालतात. याव्यतिरिक्त काही, उदाहरणार्थ फलाचे महत्तम मूल्य, यंत्राने शोधले तर त्यामागील गणिती कारण कागदावर दाखवावेच लागते.

महाराष्ट्राच्या बारावीच्या परीक्षेत गणनयंत्राला मज्जाव असून लॉगॅरिथमची कोष्टके पुरविली जातात. तेथून आलेल्या वाचकाला एपीचा आणखी एक नियम नवलाचा वाटेल: यंत्राची स्मृती पुसून यावे लागत नाही. सूत्रे साठवलेली असली तरी हरकत घेतली जात नाही, कारण प्रश्नच असे रचलेले असतात की नुसत्या सूत्राने गुण हाती लागू नयेत. याउलट, प्रश्नपत्रिकेतील मजकूर यंत्रात साठवून बाहेर नेणे हा गंभीर गैरप्रकार मानला जातो.

== उत्तरलेखन व गुणदान ==
सविस्तर उत्तराच्या प्रत्येक प्रश्नास ९ गुण असतात. जून महिन्यात महाविद्यालयीन प्राध्यापक व शाळांतील अनुभवी शिक्षक ठरलेल्या निकषांनुसार उत्तरे तपासतात. दशांश उत्तर तीन स्थळांपर्यंत अचूक हवे. १२.३४५६ हे उत्तर १२.३४६ असे लिहिले काय किंवा पुढचे अंक सोडून १२.३४५ असे लिहिले काय, दोन्ही ग्राह्य असते. मात्र मधल्या पायरीतच संख्या पूर्णांकित केल्याने अंतिम उत्तर बिघडल्यास गुण जातो. आकडेमोडीचे उत्तर सोप्या रूपात आणण्याची सक्ती नाही. उलट सोपे रूप देताना चूक झाल्यास हाती आलेला गुण निसटतो. संकलन नेहमीच्या गणिती चिन्हांत लिहावे लागते. यंत्रावर दाबलेल्या कळींची आज्ञा उतरवून दिल्यास ती मांडणी मानली जात नाही. खोडलेला भाग तपासला जात नाही, म्हणून नवे उत्तर पूर्ण होण्याआधी जुने खोडू नये, असा सल्ला शिक्षक देतात.

कारणमीमांसेला विशेष महत्त्व आहे. फल वाढते की घटते हे दाखविण्यासाठी अधिक-उणे चिन्हांचा तक्ता काढणे पुरेसे नाही. विकलजाचे चिन्ह बदलते म्हणून येथे महत्तम मूल्य आहे, असे वाक्यात लिहावे लागते. मध्यमान प्रमेय वापरताना फल सतत व विकलनीय असल्याचा उल्लेख हवा.

विकलक समीकरणाच्या प्रश्नात ही काटेकोर वृत्ती स्पष्ट दिसते. समजा, य चा क्ष-सापेक्ष विकलज 'क्ष गुणिले य' इतका आहे आणि क्ष शून्य असताना य ची किंमत २ आहे. येथे आधी य एका बाजूला व क्ष दुसऱ्या बाजूला न्यावा लागतो. हे पृथक्करण न करता लिहिलेल्या उकलीला पारंपरिक निकषांनुसार शून्य गुण मिळतात. पृथक्करण केले, संकलनही केले, पण संकलनाचा स्थिरांक लिहायचा राहिला, तर पुढचे गुणही जातात. कारण त्याविना क्ष शून्य असताना य ची किंमत २ येऊच शकत नाही. मात्र पहिल्या उपप्रश्नातील चुकलेली किंमत पुढे योग्य रीतीने वापरली असेल, तर बहुधा पुढील गुण कापले जात नाहीत.

अंतिम निकाल १ ते ५ या श्रेणीत जुलैमध्ये लागतो. प्रत्येक श्रेणीसाठी किती गुण हवेत, हे दरवर्षी थोडे बदलते.

== गोपनीयता व १९८२ चे प्रकरण ==
बहुपर्यायी प्रश्नांची चर्चा परीक्षेनंतरही करता येत नाही. सविस्तर प्रश्न मात्र कॉलेज बोर्ड स्वतःच प्रसिद्ध करते व त्यानंतर त्यांवर बोलता येते.

पूर्व लॉस एंजेलिसमधील गारफिल्ड हायस्कूलचे प्रकरण या नियमांच्या इतिहासात सर्वांत गाजले. बोलिव्हियात जन्मलेले शिक्षक हायमे एस्कालान्ते तेथील गरीब, बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या मुलांना कलन शिकवीत. १९८२ मध्ये त्यांचे १८ विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण झाले. परीक्षेचे काम पाहणाऱ्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेला त्यांपैकी १४ जणांच्या लेखी उत्तरांतील चुका एकसारख्या आढळल्या आणि त्यांच्या निकालावर प्रश्नचिन्ह लावले गेले. एकाच शिक्षकाकडे एकाच पद्धतीने शिकलेल्या मुलांच्या चुकाही सारख्या असू शकतात, हे वर्गात शिकविलेल्या कोणालाही ठाऊक असते. परंतु केवळ उत्तरपत्रिका पाहणाऱ्या परीक्षकाला ते कळण्याचा मार्ग नव्हता. १४ पैकी १२ विद्यार्थी पुन्हा परीक्षेला बसले आणि सर्व उत्तीर्ण झाले. संशय वांशिक पूर्वग्रहातून आला, असा आरोप तेव्हा झाला. या घटनेवर १९८८ साली 'स्टँड अँड डिलिव्हर' हा चित्रपट निघाला.

== श्रेयांक ==
निकालावरून श्रेयांक द्यायचे की नाही, हे प्रत्येक महाविद्यालय स्वतः ठरविते. अनेक ठिकाणी ३ किंवा ४ श्रेणी पुरते. एमआयटीसारख्या संस्थेत पहिल्या कलन अभ्यासक्रमातून सूट मिळण्यासाठी बीसी परीक्षेत ५ श्रेणी लागते. श्रेयांक मिळाल्यास त्या अभ्यासक्रमाचे शुल्क वाचते. त्यामुळे अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी कुटुंबांतही दहावी-बारावीच्या वर्षांत ही परीक्षा घरातल्या बोलण्याचा विषय असते.