क्रीडांगणाचे दिवे बदलताना

अनसिंगच्या श्रोत्यांपुढे मुंबईच्या क्रीडांगणावरील दिव्यांचा विषय मांडला, तर “आधी आमच्या गल्लीतला दिवा लावा” असे कोणीतरी म्हणणारच, आणि ते रास्तही आहे. तथापि ज्या शास्त्राने वानखेडे मैदान उजळते, तेच शास्त्र आता गल्लीतल्या खांबावर येऊन पोहोचले आहे. मोठ्या ठिकाणी ते समजून घेणे सोपे जाते, इतकेच. शिवाय ज्यांच्या नावाने हे मैदान ओळखले जाते ते शेषराव वानखेडे नागपूरचे, म्हणजे आपल्या विदर्भाचेच.

हे मैदान १९७४-७५ साली उभे राहिले तेव्हा खेळ सूर्याबरोबर संपत असे. प्रकाशझोतातील पहिला सामना तेथे २७ फेब्रुवारी १९९६ रोजी झाला, विश्वचषकातील भारत-ऑस्ट्रेलियाचा. रात्रीच्या क्रिकेटचा मोठा धंदा उभा केला तो ऑस्ट्रेलियातील केरी पॅकर या धनिकाने, १९७७ नंतर. कामावरून परतलेला माणूस दूरचित्रवाणीपुढे बसावा, हा त्यातला सरळ हिशेब. उजेड वाढला की दिवस लांबतो, आणि लांबलेल्या दिवसाची किंमत कोणीतरी मोजतो, हे आम्हां कामगार मंडळींना जुने ठाऊक आहे. १९०५च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हा कामाचे तास चौदा-पंधरांवर गेले होते. पुढे १९११च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांचे तास बारावर आणले.

आता प्रत्यक्ष दिव्याकडे वळू. क्रीडांगणावर वर्षानुवर्षे मेटल हॅलाइड जातीचे दिवे वापरले गेले. काचेसारख्या टणक नळीत थोडा पारा आणि धातूंचे क्षार असतात. त्यांतून वीज सोडली की तप्त वाफ प्रखर प्रकाश देते. पण ही वाफ तयार होण्यास काही मिनिटे लागतात. आणखी एक खोड अशी की, पेटलेला दिवा क्षणभर वीज जाऊन विझला, तर तो लगेच पेटत नाही. नळी गरम, आतला दाब मोठा. ती निवेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबावे लागते. म्हणजे वीज डोळ्याची पापणी लवेपर्यंत गेली, तरी मैदान पाव तास अंधारात!

विजेवर सारा खेळ किती अवलंबून असतो, हे वानखेडेवर १२ मे २०२२ रोजी दिसले. विजेच्या अडचणीमुळे मुंबई-चेन्नई सामन्याची पहिली काही षटके पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी उपलब्ध नव्हती. कॉनवे पायचीत ठरला आणि त्याला दाद मागता आली नाही. अपिलाचा हक्क वीज गेल्यामुळे बुडावा, हे संघटनेचे काम करणाऱ्याला विशेष खटकते.

२०२३च्या विश्वचषकापूर्वी तेथे एलईडी दिवे बसविण्यात आले. यात वाफ नाही, पारा नाही. अर्धवाहकाच्या लहानशा तुकड्यातून वीज गेली की प्रकाश पडतो. लाल एलईडी १९६२ साली झाला. निळा साधण्यास आणखी तीस वर्षे गेली, आणि निळ्यावाचून पांढरा उजेड जमत नव्हता. त्या निळ्यासाठी तिघा जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४चे नोबेल मिळाले. हा दिवा तत्काळ लागतो, हवा तितका मंद होतो. वीजही कमी लागते. जुना दिवा चोहोकडे प्रकाश फेकतो, मग आरशाने तो वळवायचा, आणि उरलेला शेजाऱ्यांच्या खिडकीत! एलईडीपुढे भिंग बसवून प्रकाश नेमक्या जागी टाकता येतो.

किती उजेड हवा? मेणबत्तीपासून एक मीटरवर पडतो तो साधारण एक लक्स. पौर्णिमेचे चांदणे त्याच्या चौथाईइतके. भर दुपारचे ऊन लाखाच्या घरात. दूरचित्रवाणीवरील सामन्यास दीड-दोन हजार किंवा अधिक लक्स लागतात. पण माझ्या मते आकड्याहून सारखेपणा महत्त्वाचा. उंच उडालेला चेंडू उजेडातून काळोखात शिरला, की झेल घेणाऱ्याचा अंदाज चुकतो. कॅमेऱ्याची तक्रार निराळी. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तने घेते, त्यामुळे जुना दिवा शंभर वेळा मंदावतो. डोळ्यास ते कळत नाही, पण संथगती चित्रणात चित्र लुकलुकते. एलईडीला चांगल्या यंत्रणेतून एकसारखा प्रवाह दिला की हा दोष जातो.

मनोऱ्यावर चढणाऱ्या माणसाचे काय? जुने दिवे काही हजार तासांत मंदावत, मग कोणीतरी दोरपट्टा बांधून वर जाई. एलईडी त्याच्या कित्येक पट टिकतो, म्हणून चढण्याच्या खेपा घटतात. जिवाचा धोका घटला याचा मला आनंद आहे. रोजगार घटल्याचा हिशेब मात्र कंत्राटदार कधी मांडत नाही. आणि एलईडी अमर नव्हे. उष्णतेने तो खराब होतो, विजेच्या लाटेने त्याची प्रवाहयंत्रणा बहुधा तुकड्याआधी जाते. ती यंत्रणा वर न ठेवता मनोऱ्याच्या पायथ्याशी बसविता येते. निविदेत हे लिहून घेतले, तर दुरुस्ती जमिनीवरच होते.

उतरविलेल्या जुन्या नळ्यांत पारा असतो. त्या फोडून भंगारात घालणे म्हणजे भंगारवाल्याच्या पोरांना विष देणे. त्या मोजून, न फोडता, अधिकृत विल्हेवाट करणाऱ्याकडे द्याव्यात आणि पावती घ्यावी. गावच्या कबड्डीच्या मैदानाचे चार दिवे बदलतानाही हेच. आणि खांबावर माणूस चढला, की खालच्या बटणाच्या पेटीला कुलूप असावे व त्याची किल्ली चढणाऱ्याच्याच खिशात असावी, मुकादमाच्या नव्हे.