थर लावणे हाही खेळच

चिअरलीडिंग म्हणजे दुसऱ्याच्या सामन्यात नाचणे, हा समज आता जुना झाला. त्याच्या स्वतंत्र स्पर्धांत मनोरे, कोलांट्या आणि झेल यांना गुण मिळतात; जुलै २०२१मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. मग मुंबईतल्या चारकोपच्या सेक्टरांत गोकुळाष्टमीआधी एकमेकांच्या खांद्यांवर हात गुंफून थर लावणाऱ्या गोविंदांना वेगळा न्याय का? राज्य सरकारने २०१५मध्येच दहीहंडीला साहसी खेळ ठरवले. ‘हा तर उत्सव’ ही हरकत टिकत नाही. कुस्तीही गावजत्रेतच वाढली. जोखमीचा आक्षेप मात्र खरा आहे. १४ वर्षांखालील मुलांना थरावर चढवण्यास मनाई झाली ती त्यामुळेच. म्हणून खेळाच्या दर्जाबरोबर हेल्मेट, गाद्या, विमा आणि पंचही आले पाहिजेत, आणि उंचीइतकेच गुण थर सुखरूप उतरवण्याला मिळाले पाहिजेत.