वन्यजीव आनुवंशशास्त्रात पीएच.डी. : शेतकऱ्यांच्या मुलांना संधी

लाल कंधारी वळू त्याच्याच कालवडींना वापरू नये, हे पूर्णा परिसरात सर्वांना ठाऊक आहे. रक्ताच्या नात्यातील पैदाशीने वंश कमजोर होतो. जंगलांचे तुकडे पडल्याने वाघांवरही हीच वेळ येते. 2019 मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला तरुण वाघ 1,300 किलोमीटरहून अधिक चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. परंतु तेथे वाघीण नव्हती. कोणती जंगले जोडलेली ठेवावीत, हे ठरविण्यास आनुवंशशास्त्र उपयोगी पडते.

संशोधन कसे होते?
वाघ पकडावा लागत नाही. विष्ठेत आतड्याच्या पेशी असतात. त्यांतील डीएनएवरून नर-मादी, नातेसंबंध व मूळ जंगल ओळखता येते.

संधी कोठे?
1) हैदराबाद : सीसीएमबी संस्थेची लॅकोन्स प्रयोगशाळा. येथील शास्त्रज्ञांच्या प्रयत्नांतून 2006 मध्ये कृत्रिम रेतनाने चितळाचे पाडस जन्मले. पूर्ण्याहून सिकंदराबादला थेट रेल्वे आहे.
2) डेहराडून : भारतीय वन्यजीव संस्था.
3) बंगळूर : एनसीबीएस.

पात्रता व शिष्यवृत्ती
जीवशास्त्राशी संबंधित विषयात एम.एस्सी. करून सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेत जेआरएफ मिळवावी. जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये व पुढे 42,000 रुपये मिळतात. पशुवैद्यक पदवीधरांनी पशुआनुवंशिकी व प्रजनन विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे आणि प्रवेशाचे नियम संबंधित संस्थेकडून समजून घ्यावेत.

मुला-मुलींनी बारावीला जीवशास्त्र सोडू नये. गोठ्यात पैदाशीचे तत्त्व पाहिलेल्यांना हा विषय परका नाही.